ब्रुकलाइनची तिसरी घंटा

छत्री तेवढी घ्या. बाकी सगळं गाडीतच राहू द्या: मोबाइल, अंतर मोजायची दुर्बीण, खिशातल्या त्या लाकडी टी. टी तर अजिबात नकोत, का ते पुढे कळेल.

रविवारची सकाळ आहे, सात वाजायला वीस मिनिटं. येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर तुमचा नंबर सातला लागलाय आणि तुम्ही डिकी उघडून, एका पायावर लंगडत बूट चढवताय. गेल्या रविवारीही हेच झालं होतं. गाडीतून उतरून तडक पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारायचा त्या जागेवर गेलात, ड्रायव्हरची काठी दोनदा हवेत सपसप फिरवलात, मागे ताटकळलेल्या चौघांची नजर मानेला टोचली, आणि चेंडू तीसेक पावलं सरपटत जाऊन गवतात बसला. मागून कोणीतरी ‘होतं असं’ म्हणालं. ते हसले असते तरी इतकं लागलं नसतं. पुढचे सतरा होल तुम्ही बरे खेळलात, पण आठवडाभर डोक्यात घोळत राहिला तो पहिलाच फटका.

तेव्हा आजचे सात वाजायच्या आत जरा मागे जाऊन येऊ. फार मागे नाही, शंभराहून थोडी जास्त वर्षं.

*

२० सप्टेंबर १९१३, शनिवार. सकाळचे आठ वाजून गेलेत. अमेरिकेतल्या बोस्टन शहराला खेटून असलेलं ब्रुकलाइन. पाऊस आहे, पण आपल्यासारखा दणदणीत नाही. हा थंड, बारीक, आवाज न करता कॉलरच्या आत शिरणारा. तुम्ही उभे आहात क्लाइड स्ट्रीटवरच्या २४६ नंबरच्या लाकडी घरासमोर. मान वळवा. रस्त्यापलीकडे ती हिरवळ दिसतेय, तो ‘द कंट्री क्लब’चा सतरावा होल.

घरात वीस वर्षांचा फ्रान्सिस विमेट नाश्ता करतोय. हलकाच. काल रात्री आंघोळ करून, थोडंसं खाऊन तो लवकर झोपला आणि मुख्य म्हणजे त्याला झोप लागली. तुम्हाला लागली असती का? कारण आजचं काम असं आहे: अमेरिकन ओपनच्या चार फेऱ्या, म्हणजे बहात्तर होल खेळून झाल्यावर तिघांचे फटके नेमके ३०४ भरलेत. आज अठरा होलांत निकाल लागायचाय. बाकीचे दोघे हॅरी वॉर्डन आणि टेड रे. वॉर्डन म्हणजे पाच वेळा ब्रिटिश ओपन आणि १९०० साली अमेरिकन ओपन जिंकलेला माणूस. रे गेल्या वर्षीचा ब्रिटिश ओपन विजेता. मुळात जूनमध्ये व्हायची ही स्पर्धा सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलली, ती या दोघांना इंग्लंडहून येणं जमावं म्हणून. वॉर्डनचा जन्म ९ मे १८७०चा, फ्रान्सिसचा ८ मे १८९३चा. वाढदिवसाला एका दिवसाचं अंतर, अनुभवाला तेवीस वर्षांचं.

आणि फ्रान्सिस कोण? बोस्टनमधल्या ‘राइट अँड डिट्सन’ या खेळसाहित्याच्या दुकानात काउंटरमागे उभा राहणारा पोरगा. वडील कॅनडातून आलेले, फ्रेंच वंशाचे. गोल्फनं कोणाचं पोट भरत नाही, हे त्यांचं ठाम मत. रस्त्यापलीकडच्या क्लबात हा मुलगा आधी शिरला तो हरवलेले चेंडू वेचायला, मग दुसऱ्यांच्या पिशव्या वाहायला. शाळेत जाताना याच हिरवळीतून आडवाट काढायचा. भावाबरोबर घरामागच्या माळावर त्यानं तीन होलांचा स्वतःचा कोर्सही केला होता.

दार उघडलं बघा. तो निघाला. तुम्हीही निघा, पण मागून. बोलायचं नाही.

*

चालण्याकडे लक्ष द्या. घाई नाही, रेंगाळणंही नाही. रस्ता ओलांडायचा, भिजलेल्या गवतातून क्लबहाउसपर्यंत जायचं. काल संध्याकाळी याच सतराव्या ग्रीनवर त्यानं लांबचा पट घातला, दुरून हलकेच ढकलून चेंडू थेट खळग्यात, म्हणून आजची सकाळ उगवली. तो घातला नसता, तर आज रविवारच्या वर्तमानपत्रासाठी फक्त इंग्रज पाहुण्यांचे फोटो निघाले असते.

आता या चालण्याशी स्वतःचा रविवार ताडून बघा. रात्रभर आडवं पडलेलं आणि मग अर्धा तास गाडीत घडी होऊन बसलेलं तुमचं शरीर. गोल्फचा फटका म्हणजे पीळ भरायचा आणि सोडायचा. कंबर थोडी वळते, तिच्यावर पाठ आणि खांदे त्याहून जास्त वळतात, आणि त्या दोन वळणांतल्या फरकात जोर साठतो. थंड अंगात पाठीचा मधला भाग वळायला राजी नसतो. मग त्याची कसर हात भरून काढायला जातात. काठी मागे पुरती जात नाही, वरच्या वर झटक्यात खाली येते, आणि येताना तुमचं अख्खं अंग वर उचलून घेते. चेंडूच्या डोक्याला टपली बसते. सरपटला. याला कौशल्याचा अभाव म्हणू नका, तो निव्वळ थंडपणा आहे. दहा मिनिटं जरा झपझप चाला, पाय पुढे-मागे झोके देऊन सोडा, काठी खांद्यांवर आडवी धरून धडाला सावकाश दोन्हीकडे वळवा, एवढ्यानं फरक पडतो. मात्र वाकून, पायाचे अंगठे पकडून, दात-ओठ खात मिनिट मिनिट ताण देत बसणं फटक्याआधी नकोच. त्यानं स्नायू सैल पडतो आणि ऐन वेळी लागणारी चपळाई थोडी कमीच होते. ते ताण संध्याकाळी घरी द्या, हवे तेवढे.

फ्रान्सिसला यातलं काही कोणी शिकवलेलं नाही. त्याच्याकडे गाडी नाही, एवढंच.

*

आता पोलोचं मैदान. फ्रान्सिस काठ्या घेऊन इकडे आलाय, आणि समोर दूर, धुक्यात, एक टोपी दिसतेय. टोपीखाली एक मुलगा आहे. एडी लोवरी, वय दहा, उंची चारएक फूट. हा त्याचा कॅडी, काठ्यांची पिशवी वाहणारा. आज शनिवार, म्हणून शाळेचा प्रश्न नाही. आधीचे दिवस त्यानं शाळा बुडवून भरलेत.

सराव कसा चाललाय ते नीट बघा, कारण असा सराव तुम्हाला कोणी दाखवणार नाही. चटया नाहीत, झेंडे नाहीत, पन्नास-शंभर-दीडशेच्या पाट्या नाहीत. एडी लांब उभा राहतो, फ्रान्सिस त्याच्या दिशेनं मारतो, एडी चेंडू गोळा करतो. कुठे मारायचं या प्रश्नाचं उत्तर त्या मैदानावर चार फूट उंचीचं आहे आणि ते चेंडूमागे धावतंय.

पंचवीस-तीस मिनिटांत शंभर चेंडू झोडपून घामाघूम होणारे तुम्ही पाहिलेत. मीही त्यांतलाच होतो. एखादा फटका वाकडा गेला की त्याची दुरुस्ती सुरू, मग दुरुस्तीची दुरुस्ती, आणि पहिल्या टीवर पोचेपर्यंत अंगात चार वेगवेगळे स्विंग भांडत असायचे. फ्रान्सिस दुरुस्ती करत नाहीये. मोजके फटके, बरे बसताहेत का एवढंच. खेळायच्या आधीचा सराव शिकण्यासाठी नसतो. आज हातात काय आहे ते बघून घ्यायचं आणि जे आहे ते घेऊन निघायचं. गवई मैफलीच्या आधी ग्रीनरूममध्ये नवा राग बसवायला घेत नाही, तंबोरे जुळलेत का तेवढं बघतो.

फ्रान्सिसच्या गेल्या रविवारची गंमत तुम्हाला ठाऊक नसेल. स्पर्धेच्या तोंडावर हा मुलगा वेलस्लीच्या सोप्या कोर्सवर मित्रांबरोबर खेळला आणि दोन्ही फेऱ्यांत ८८ फटके मारून बसला. मित्रांचे चेहरे उतरले. त्यानं मात्र, वाईट खेळ एकदाचा अंगातून निघून गेला, असा हिशेब लावला. हे शहाणपण होतं की वीस वर्षांच्या वयाचा बेफिकीरपणा, मला सांगता येणार नाही.

एका काठीला हात लावून बघा, पटकन. दांडा हिकरीच्या लाकडाचा, मुठीला चामडं. स्टीलचे दांडे यायला अजून अवकाश आहे. हिकरी वाकते तशी पिळतेही. वरून खाली येताना घाई केलीत, तर काठीचं डोकं मागे रेंगाळतं, तोंड उघडं राहतं आणि चेंडू उजवीकडे सुटतो. वर पोचल्यावर क्षणभर थांबल्यासारखं करून मग यायचं, हे हिकरी स्वतःच शिकवते. आणि चामडं ओलं आहे. ओलं चामडं हातातून निसटेल या भीतीनं पकड आवळली जाते, पकड आवळली की मनगट आवळतं, मनगटापाठोपाठ खांदे, आणि खांद्यांपाठोपाठ श्वास. भीतीनं नेमकं हेच होतं, फक्त उलट्या क्रमानं. म्हणजे आज पाऊस आणि धास्ती दोघं मिळून एकाच मुठीवर काम करताहेत.

*

दहा वाजत आले. गर्दी किती वाढली बघितलंत? हजारोंनी आलेत लोक, छत्र्या, ओल्या टोप्या, लांब कोट. यातल्या कित्येकांनी आजवर गोल्फ पाहिलेला नाही. शेजारच्या घरातला पोरगा खेळतोय म्हणून आलेत.

इथे एक छोटा प्रसंग घडतोय, त्याच्याजवळ सरका. फ्रान्सिसच्या ओळखीतला एक जाणता माणूस एडीशी बोलतोय. एवढ्या मोठ्या दिवशी कॅडी जबाबदार हवा, पिशवी आज माझ्याकडे दे, असं त्याचं म्हणणं आहे. त्यानं पैसेही देऊ केलेत. एडी नाही म्हणतो. माणूस फ्रान्सिसकडे वळतो. फ्रान्सिस एडीकडे बघतो. पोराचे डोळे भरून आलेत.

सल्ला देणारा चुकीचा नव्हता, हे लक्षात घ्या. त्याला खेळ कळत होता, आणि दहा वर्षांच्या मुलाला अंतरं काय कळणार? पण गेले दोन दिवस याच मुलाच्या सोबतीनं ३०४ आले होते. मोठा दिवस आला की आपल्याला सगळंच मोठं करावंसं वाटतं. नवा बूट, नवा चेंडू, नवा सल्लागार, नाश्त्याला रोजचे पोहे सोडून काहीतरी खास. पिशवी एडीकडेच राहील, असं फ्रान्सिस सांगतो. मनाची तयारी म्हणतात ती त्यानं इथे केली. टीवर पोचायच्या आधी, एका मुलाच्या तोंडाकडे बघून. तुम्ही टीवर जाऊन डोळे मिटून दीर्घ श्वास घेता ना, ते ठीकच आहे. पण तोवर बऱ्याच गोष्टी ठरून गेलेल्या असतात.

आता त्या सडपातळ, ताठ मानेच्या तरुणाकडे बघा, तो फ्रान्सिसचा दंड धरून काहीतरी सांगतोय. जॉनी मॅकडरमॉट. १९११ आणि १९१२, लागोपाठ दोन वर्षं अमेरिकन ओपन जिंकलेला. अमेरिकेत जन्मलेला पहिलाच विजेता, आणि तेव्हा वय अवघं एकोणीस. यंदा तो मागे पडला. तो सांगतोय की तुझे फटके छान बसताहेत, तू तुझा खेळ खेळ, वॉर्डन आणि रे काय करतात तिकडे बघूच नको. याहून नेमका सल्ला त्या सकाळी कोणी देऊ शकलं नसतं. वॉर्डनचा डौल बघत राहिलं, की आपल्या नकळत आपला स्विंग त्याच्या चालीवर चालायला लागतो. रेचा धिप्पाड देह आणि लांब पल्ला बघितला, की आपणही दहा यार्ड जास्त मागायला जातो. दोन्हींत आपलं असलेलं हातचं जातं.

पण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून तुम्हाला हेही सांगायला हवं. मॅकडरमॉटचं मन पुढच्याच वर्षी ढासळायला लागलं. १९१६ साली त्याला पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउनच्या मनोरुग्णालयात ठेवलं गेलं आणि उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग तिथेच गेला. दुसऱ्याचं मन सावरायला सापडलेले शब्द स्वतःच्या उपयोगी पडले नाहीत. त्याचा हात फ्रान्सिसच्या दंडावर आहे तो क्षण जरा जास्त वेळ बघून घ्या.

आणि वॉर्डन? पाइप ओढतोय. शांत दिसतोय ना? आहेच शांत. पण क्षयातून उठल्यापासून त्याचा उजवा हात छोट्या पटच्या वेळी दचकतो, हे त्यानं स्वतःच लिहिलंय. टीवरून दोनशे यार्ड मारताना न हलणारा माणूस दोन फुटांवर थरथरतो. तेव्हा अनुभवानं भीती जाते हा गैरसमज इथेच ओल्या गवतात सोडा. ती जागा बदलते.

*

तिघांनी काड्या ओढल्या. सगळ्यात लांब काडी फ्रान्सिसच्या हातात आली.

म्हणजे पहिला फटका त्याचा. गोल्फमध्ये याला ‘ऑनर’ म्हणतात. पुण्याच्या माणसाला वेगळं समजवायला नको, मानाचा पहिला. फरक एवढाच की कसब्याच्या गणपतीला आपण पुढे आहोत याचं काही वाटत नसावं. इथे दोन दिग्गजांना मागे उभं करून वीस वर्षांच्या दुकानातल्या पोरानं आधी मारायचंय, आणि त्याचे फटके मोजायला वही घेऊन उभा आहे लंडनच्या ‘टाइम्स’चा गोल्फ वार्ताहर बर्नार्ड डार्विन. हो, तेच डार्विन. चार्ल्स डार्विनचा नातू.

फ्रान्सिस वाळूच्या पेटीकडे निघालाय. तुमच्या टी गाडीत ठेवायला सांगितल्या त्या यासाठी. प्रत्येक टीजवळ ओल्या वाळूची पेटी असते, त्यातली चिमूटभर घेऊन, बोटांनी दाबून, छोटंसं वारूळ करायचं आणि चेंडू त्यावर ठेवायचा. आणि विचित्र योगायोग असा, की लाकडी टीचं पेटंट याच बोस्टनमधल्या माणसानं १८९९ सालीच घेतलं होतं. डॉ. जॉर्ज ग्रँट, हार्वर्डमध्ये शिकवणारे कृष्णवर्णीय दंतवैद्य. त्यांनी ती विकायला काढली नाही, ओळखीच्यांना वाटली, आणि १९१० साली ते वारले. त्यांच्याच शहराच्या वेशीवर अजून लोक वाळूत बोटं घालताहेत. मला मात्र ती वाळू आवडते. हातांना करायला काहीतरी लागतं, आणि वारूळ घाईत बांधलं तर चेंडू गडगडतो. लाकडी टी तुम्ही कितीही बावचळलेले असा, जमिनीत घुसते.

आता शेवटचं. आपल्याकडे देवी माणसाच्या अंगात येते. तुम्ही उलटं करायचंय, तुम्हाला त्याच्या अंगात जायचंय. फक्त एका फटक्यापुरतं. चला.

वाळू गार आहे. बोटं तुमची आहेत आणि नाहीत. आत्तापर्यंत सगळं ठीक होतं, नाश्ता, चालणं, पोलोचं मैदान. वाळूच्या पेटीजवळ वाकलात आणि एकाएकी ध्यानात आलं की काय मांडून ठेवलंय पुढ्यात. छातीत धडधड. पोटात खड्डा. तोंडाला कोरड. नाट्यगृहात विंगेत उभं असताना तिसरी घंटा होते आणि पडद्याचा दोर कुरकुरतो, तेव्हा पाठ केलेलं सगळं नाटक कुठेतरी निघून जातं ना, तसं. हा चेंडू एकदाचा नीट निघू दे, बस्. पुढचं पुढे.

अशा वेळी मन मदतीला धावतं आणि तिथेच घात होतो. डावा कोपर सरळ ठेव. डोकं हलू देऊ नको. वजन उजव्यावर. नाही, आधी मनगट. जिना उतरताना कुठलं पाऊल कधी टाकायचं याचा विचार केलात तर पडाल. हजारो वेळा केलेली हालचाल शरीराला सलग ठाऊक असते, सुटे भाग करून मागितली की त्याला ती देता येत नाही. पण विचार करू नको असं मनाला सांगून भागतही नाही. रिकामं मन कधी रिकामं बसत नाही, ते गर्दीकडे बघतं, वॉर्डनकडे बघतं, उद्याच्या पेपरकडे बघतं. त्याला काम द्यावं लागतं. एकच, लहानसं आणि अंगाबाहेरचं.

कोणीतरी ड्रायव्हर पुढे केलाय. तुम्ही खाली बघता. टोपीखालून एडी वर बघतोय. त्याला तुमचा चेहरा वाचता आलाय. दहा वर्षांचं पोर, त्याला ना डार्विन ठाऊक, ना मनगटाचा कोन. चेंडूवरून नजर हलवायची नाही, एवढंच तो बजावतो.

एवढंच. हे गोल्फ शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतात. ते नवं नाहीच, पण आता मनाला बसायला जागा मिळाली. वाळूच्या वारुळावर एक पांढरा चेंडू, त्याच्यावर पावसाचे थेंब. आत ताणून गुंडाळलेला रबराचा धागा आहे, मैलोगणती वाटावा इतका. बघा त्याच्याकडे. श्वास सोडा, घेऊ नका, सोडा. मूठ सैल होते. पाठ वळते, सकाळी चालून आलेली ती पाठ. वर गेल्यावर हिकरी क्षणभर थांबायला सांगते. थांबा. आणि या.

आवाज आधी येतो. भरीव, ओला, छोटा. मग गर्दीचा. चेंडू फेअरवेच्या मधोमध, लांब.

या बाहेर. तो फटका त्याचाच राहू दे.

*

वॉर्डन आणि रे यांचे फटके झाले. पहिला होल तिघांनीही पाचमध्ये संपवला. पण ग्रीनवर फ्रान्सिससमोर चारेक फुटांचा पट उरला होता, आणि तो गेल्यावर त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, ते बघायला हवं होतं. त्यानं पुढे लिहिलंय की त्या क्षणापासून भारावलेपण, धाकधूक सगळं गळून पडलं आणि तो तंद्रीत गेल्यासारखा खेळत राहिला. म्हणजे पहिला फटका छान बसला म्हणून भीती गेली नाही, हे ध्यानात ठेवा. ती चारशेहून जास्त यार्ड सोबत चालत आली आणि चार फुटांच्या पटनंतर परत फिरली. एडी मात्र प्रत्येक फटक्याआधी तेच बजावत राहिला, अठराही होल.

निकाल तुम्हाला ठाऊक असेल. फ्रान्सिस ७२, वॉर्डन ७७, रे ७८. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. तोवर अमेरिकेत गोल्फ हा पैसेवाल्यांचा छंद होता आणि नंतर तो सार्वजनिक मैदानांवर पसरला, तो या शनिवारनंतर, असं सांगतात. असेलही, पण आपण त्यासाठी आलो नव्हतो.

तुमचे सात अजून वाजले नाहीत. येता येता एका ठिकाणी थांबू, वाट जरा वाकडी आहे.

*

सप्टेंबर १९५१. स्कॉटलंड, सेंट अँड्रूज. सकाळचे आठ वाजायला आलेत, समुद्रावरून येणारा वारा कानात शिरतोय. जुन्या कोर्सची पहिली टी. समोरचं मैदान इतकं रुंद, की पहिला आणि अठरावा होल तिथे शेजारी शेजारी नांदतात. इथे चेंडू हरवायला खास प्रतिभा लागते. तरीही जगातल्या भल्याभल्यांचे गुडघे या टीवर कापलेत.

‘रॉयल अँड एन्शंट’ या क्लबचा नवा कप्तान पदावर येतो तो एकच फटका मारून. सगळ्यांदेखत, सकाळी आठला. अठरा होल नाहीत, दुसरी संधी नाही, चूक भरून काढायला सतरा होलही नाहीत. नुसताच पहिला फटका. काठी चेंडूला भिडली की शेजारी तोफ उडते. चेंडू जो कॅडी पकडून आणेल त्याला कप्तान सोन्याचं नाणं देतो.

आजचा कप्तान अमेरिकन आहे, या पदावर बसणारा पहिला अमेरिकन. अठ्ठावन्न वर्षांचा, चष्मा लावलेला, बोस्टनकडचा गृहस्थ. आडनाव विमेट. एडी लोवरी आता कॅलिफोर्नियात मोटारी विकून गब्बर झालाय. दोघांची मैत्री अजून तशीच आहे.

तुम्ही टीजवळ थांबू नका. पुढे मैदानात कॅडी उभे आहेत ना, नाण्यावर डोळा ठेवून, तिकडे चला. त्यांची एक जुनी रीत आहे. नव्या कप्तानाचा खेळ किती पाण्यात आहे याचा अंदाज बांधून ते तेवढ्या अंतरावर उभे राहतात. १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्स कप्तान झाला, तेव्हा ते टीच्या इतके जवळ येऊन उभे होते, की तो जवळजवळ राजद्रोहच ठरला असता.

तिकडे त्यानं चेंडू ठेवला. तोफेपाशी माणूस सज्ज आहे. आता तुमच्या शेजारच्या कॅडीपेक्षा एक गोष्ट तुम्हाला जास्त ठाऊक आहे, तेव्हा तो कुठे उभा आहे ते बघू नका. मागे सरका. अजून थोडे मागे.